गाडी नाही म्हणून कॉलेज न बघता फॉर्म भरू नका

सोलापूरहून एका ताईंचं पत्र आलंय, आधी ते थोडक्यात सांगते. मुलगी बारावी सायन्स झाली, एमएचटी-सीईटी ही प्रवेश परीक्षा दिलीय, निकाल यायचाय. इंजिनिअरिंगसाठी पुण्यातली सहा कॉलेजं यादीत आहेत: सीओईपी, एआयएसएसएमएस, पीआयसीटी, व्हीआयटी, कमिन्स आणि आकुर्डीचं पीसीसीओई. घरात एक स्कूटर, मिस्टरांना दुकान सोडून येता येत नाही. दीर हडपसरला राहतात, त्यांच्याकडे कार आहे पण वेळ फक्त रविवारी, आणि ते म्हणतात की गाडीशिवाय पुण्यात सहा कॉलेजं बघून होत नाहीत, वेबसाइटवर फोटो बघा आणि फॉर्म भरून टाका. भाड्याची गाडी परवडण्यासारखी नाही. त्यात ताईंचा गुडघा दुखतो. शेवटी विचारलंय, "आम्ही दोघीच बसने फिरलो तर वेडेपणा होईल का?"

ताई, अजिबात नाही. उलट मी तर म्हणेन की गाडी असती तरी मी तुम्हाला बसनेच जायला सांगितलं असतं. तुमची लेक पुढची चार वर्षं काकांच्या कारमधून कॉलेजला जाणार नाहीये, ती बसने, मेट्रोने, रिक्षाने नाहीतर पायी जाणार आहे, मग तिला तोच रस्ता आत्ता बघू दे ना. कारमधून गेटपर्यंत गेलं की सगळीच कॉलेजं सारखी दिसतात, मोठी कमान, बाग, समोर सिक्युरिटी. स्टॉपवर उतरून चालत गेलं की कळतं फुटपाथ आहे का, संध्याकाळी तिथे लाइट असतील का, आजूबाजूला दुकानं-खानावळी आहेत की नुसत्या भिंती आहेत. आमच्या नात्यातल्या एका मुलीने शहराबाहेरचं एक कॉलेज असंच रविवारी गाडीतून बघून घेतलं, सुंदर होतं म्हणे, आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की शेवटच्या स्टॉपपासून आत चांगलंच चालावं लागतं आणि प्रॅक्टिकल उशिरा सुटलं की रिक्षावाला म्हणेल तो भाव. पोरगी हुशार, निभावलं तिने, पण हे आधी कळलं असतं तर तिने फॉर्ममध्ये क्रम वेगळा लावला असता.

आणि क्रमाचीच तर गोष्ट आहे सगळी. कॅप राऊंडच्या, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीच्या, ऑप्शन फॉर्ममध्ये (कॉलेजं पसंतीच्या क्रमाने लिहायची तो फॉर्म) पहिल्या नंबरला टाकलेलं कॉलेज पहिल्याच राऊंडला लागलं तर ते फ्रीझ होतं, घ्यावंच लागतं, नाही घेतलं तर पुढच्या राऊंडमधून बाहेर. २०२५ पासून तर दुसऱ्या राऊंडला पहिल्या तीन पसंतींना आणि तिसऱ्या राऊंडला पहिल्या सहांना हाच नियम लागतो. म्हणजे "टाकून ठेवू, मग बघू" हे आता चालत नाही. फॉर्म भरायची खिडकी उघडली की हातात मोजके दिवस असतात, त्या दिवसांत सोलापूरहून पळापळ करत येण्यापेक्षा निकाल लागला की लगेच या. निकालाआधी नको, कारण निकाल आल्यावर ही प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या साइटवर मागच्या वर्षीची कटऑफ, म्हणजे किती मार्कांपर्यंत ॲडमिशन मिळाली ते, बघितलं की सहातली एक-दोन नावं बहुतेक आपोआप गळतील आणि तुमचा गुडघा तेवढा वाचेल. कटऑफ बघताना ब्रँच आणि कॅटेगरी दोन्ही धरून बघा, नुसतं कॉलेजचं नाव बघून काही कळत नाही.

वार कोणता, तर सोमवार ते शुक्रवारातलाच. रविवारी ऑफिस बंद, लॅबला कुलूप, विद्यार्थी नाहीत, मग बघणार काय. भाऊजींना दुखवायचं नाही हे समजतं मला, आणि त्यांची मदत खरंच घ्या, पण कॉलेजसाठी नको. रविवारी त्यांना म्हणा की होस्टेल नाही मिळालं तर मुलींचे पीजी आणि खोल्या बघायच्यात, तिथे चार गल्ल्या फिरायला गाडी खरंच उपयोगी पडते आणि घरमालकाशी बोलताना सोबत घरचं माणूस असलेलं बरं. त्यांनाही बरं वाटेल.

आता फिरायचं कसं. कॉलेजं नंबरप्रमाणे बघू नका, दिशेप्रमाणे बघा. पुण्यात लोक इथेच फसतात, सकाळी कात्रज, दुपारी आकुर्डी, संध्याकाळी कर्वेनगर असं ठरवतात आणि दिवस ट्रॅफिकमध्ये जातो. दिवसाला दोन कॉलेजं, तिसरं नाही, कारण एक कॉलेज नीट बघायला दोन-अडीच तास लागतात आणि तुम्हाला मधे बसायलाही पाहिजे.

येताना हुतात्मा एक्सप्रेसने या, रिझर्वेशन करून. सकाळी सोलापूरहून सुटते, दुपार व्हायच्या आत पुणे स्टेशन. बॅगा घेऊन हडपसरला जाऊन परत येऊ नका, अर्धा दिवस तिथेच जाईल. स्टेशनवर क्लोकरूम आहे, बॅगेला कुलूप लावलेलं लागतं आणि तिकीट दाखवावं लागतं, म्हणून छोटं कुलूप घरूनच आणा आणि तिकीट जपून ठेवा. हात मोकळे झाले की स्टेशनजवळच मेट्रो, वनाझकडे जाणाऱ्या गाडीत बसायचं आणि पुढच्याच स्टेशनला, मंगळवार पेठेला उतरायचं. आरटीओजवळ एआयएसएसएमएस. इथे एक लक्षात ठेवा, एकाच आवारात त्याच संस्थेची दोन इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, सीओई आणि आयओआयटी, फॉर्ममध्ये दोघांचे कोड वेगळे, कटऑफ वेगळी. तुम्हाला कोणतं बघायचंय ते गेटवर नीट सांगा, आणि आलाच आहात तर दुसरंही बघून घ्या, जास्तीचं चालणं फार नाही.

तिथून परत मेट्रो, परत एकच स्टेशन पुढे, सिव्हिल कोर्ट. आम्ही सगळे सिव्हिल कोर्टच म्हणतो पण नकाशात जिल्हा न्यायालय असं लिहिलेलं दिसेल, गोंधळू नका. तिथून सीओईपी. १८५४ सालचं कॉलेज, २०२२ पासून स्वतःचं विद्यापीठ झालंय, दगडी इमारत बघून मुलगी हरखून जाईल, जाऊ दे, पण तिला म्हणावं मुलींचं होस्टेल कुठे आहे, फर्स्ट इयरला किती मुलींना मिळतं, हे विचारून ये. या स्टेशनात दोन मेट्रो लाइन एकमेकींना मिळतात, एक पुलावर आणि एक जमिनीखाली खूप खोल, त्यामुळे लाइन बदलायची वेळ आली तर सरकत्या जिन्यांच्या नादी न लागता सरळ लिफ्ट शोधा. गर्दीचा लोंढा जिकडे जाईल तिकडे आपण जातो आणि मग जिने चढत बसतो. लिफ्टचा बोर्ड असतो, नाहीच दिसला तर तिथल्या स्टाफला विचारा, दाखवतात.

संध्याकाळी स्टेशनवर येऊन बॅगा घ्यायच्या आणि बसने हडपसर गाडीतळ. त्या वेळी बसला गर्दी असेल, सोलापूर रोडला ट्रॅफिक असेल, दमाल तुम्ही. बॅगा आहेत, गुडघा आहे, त्या दिवशी रिक्षा केली तरी चालेल, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच, परतीला एसटीने गेलात तर दोघींचे जे पैसे वाचतील ते अशा रिक्षांना वापरा.

दुसरा दिवस स्वारगेटच्या बाजूचा, आणि या दिवशी माझी एक विनंती आहे की लवकर निघा. गाडीतळावरून सकाळी आठ-साडेआठच्या गर्दीत स्वारगेट, तिथून कात्रजकडे जाणारी बस, भारती विद्यापीठाला उतरायचं, पीआयसीटी त्याच्या मागच्या बाजूला. हीच वेळ मुद्दाम सांगतेय. अकरा वाजता रिकाम्या बसने गेलं तर सगळंच सोपं वाटतं. मुलीला एकदा ऑफिसच्या गर्दीत उभं राहून जाऊ दे, तिलाच कळेल की रोज हे झेपणार आहे की कॉलेजच्या जवळच राहायला पाहिजे. तुम्ही बायकांच्या राखीव सीटवर बसा, कोणी उठत नसेल तर कंडक्टरला सांगा, संकोच करू नका. सातारा रोडला काही स्टॉप रस्त्याच्या मधोमध आहेत, उतरल्यावर सिग्नल पडेपर्यंत थांबा, लोक पळतात म्हणून आपण पळायचं नाही.

पीआयसीटीहून व्हीआयटी फार लांब नाही पण बसने जायचं तर उगाच वळसा पडतो, इथे रिक्षाच करा. फक्त रिक्षावाल्याला "व्हीआयटी, बिबवेवाडी, अप्पर" असं पूर्ण सांगा. कोंढव्याला व्हीआयआयटी नावाचं दुसरं कॉलेज आहे, त्याच संस्थेचं, आणि नुसतं "विश्वकर्मा" म्हटलं तर तुम्ही तिकडे पोचाल. ऑप्शन फॉर्ममध्येही पोरं ही दोन नावं उलटसुलट करतात, त्यामुळे कोड लिहून ठेवा. व्हीआयटीहून परत यायला अप्परवरून स्वारगेटला भरपूर बस आहेत.

ही दोन्ही कॉलेजं बघताना आणखी एक गोष्ट डोक्यात ठेवा, स्वारगेट जवळ आहे. म्हणजे सोलापूरची एसटी जवळ आहे. मुलगी होस्टेलला राहिली तर सणाला, आजारपणात, परीक्षेनंतर, कधी नुसतीच आठवण आली म्हणून घरी येणार, आणि ती बॅग घेऊन एकटीच स्टँडवर जाणार. हा प्रवास कोणी मोजतच नाही. मला विचाराल तर प्लेसमेंटच्या आकड्यांइतकाच तो महत्त्वाचा आहे, निदान पहिल्या वर्षी तरी.

तिसऱ्या दिवसाचा निर्णय निकालावर सोडा. पीसीसीओई यादीत राहिलं तर त्याला अख्खा दिवस द्या, ते निगडी प्राधिकरणात आहे, आकुर्डी रेल्वे स्टेशनपासून जवळ. सकाळी पुणे स्टेशनवरून लोणावळा लोकल पकडायची, आकुर्डीला उतरायचं, स्टेशनच्या अगदी जवळ डी. वाय. पाटीलचं इंजिनिअरिंग कॉलेजही आहे, वेळ असेल तर जाता जाता बघा. जाताना लोकल मस्त, स्वस्त आणि ट्रॅफिक नाही, पण दुपारच्या वेळात लोकल फार कमी असतात, त्या भरवशावर परतीची हुतात्मा ठरवू नका. दुपारी निघायचं असेल तर बसने पिंपरीला पीसीएमसी मेट्रो स्टेशन गाठा, तिथून मेट्रोने सिव्हिल कोर्ट, लाइन बदलून पुणे स्टेशन. हुतात्मा संध्याकाळी सुटते, पण तुम्ही कॉलेजमधून तीनला निघायचंच असं ठरवा, लाइन बदलायला वेळ लागतो आणि क्लोकरूममधून बॅगाही घ्यायच्या असतील.

कमिन्स मात्र कर्वेनगरला, एकदम दुसऱ्या टोकाला. ते आणि आकुर्डी एका दिवसात कोंबू नका. दोन्ही यादीत राहिली तर चौथा दिवस काढा, मी स्पष्टच सांगते, कारण मुलगी पहिल्यांदा घराबाहेर राहणार असेल तर कमिन्स न बघता सोडू नये असं माझं मत आहे. महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेचं आहे, १९९१ पासूनचं, फक्त मुलींचं. काही मुलींना तिथे पाय ठेवल्या ठेवल्या मोकळं वाटतं आणि काहींना नको वाटतं, हे फोटो बघून कळणारच नाही. मेट्रोने नळस्टॉप, पुढे बस किंवा रिक्षा. आणि सीओईपीचं नाव निकालानंतर गळलं तर प्रश्नच मिटला, पहिल्याच दिवशी एआयएसएसएमएसहून त्याच मेट्रोने सरळ नळस्टॉप गाठा.

पैशांचं सांगते. पीएमपीचा, म्हणजे शहर बसचा, दिवसाचा पास ७० रुपयांना आहे, पुणे आणि पिंपरी-चिंचवड दोन्हीकडे चालतो, बसमध्ये कंडक्टरकडेच मिळतो. ज्या दिवशी तीन-चार बस बदलायच्यात त्या दिवशीच घ्या, पहिल्या दिवशी बहुतेक मेट्रोच आहे तर नको. कंडक्टरकडे यूपीआयचा क्यूआर असतो, तरी सुटे पैसे ठेवा, रेंज नसली की वाद होतात. मुलीच्या फोनवर 'आपली पीएमपीएमएल' ॲप घ्या, बस कुठे आहे ते दिसतं. आणि हे ॲप, नकाशा, कुठे उतरायचं, सगळं तिच्याकडे द्या. चुकली तर चुकू दे, तुम्ही सोबत आहात तोवर चुकलेलं बरं.

कॉलेजमध्ये गेल्यावर काय. निघायच्या आदल्या दिवशी ऑफिसला फोन करा की आम्ही सोलापूरहून येतोय, ॲडमिशनसंदर्भात कॅम्पस बघायचाय, कोणाला भेटू. ज्यांनी फोन घेतला त्यांचं नाव लिहून ठेवा, गेटवर ते नाव सांगितलं की काम सोपं होतं. आधार कार्ड आणि सीईटीचं स्कोअरकार्ड दोघींपैकी एकीच्या पर्समध्ये वरच ठेवा, रजिस्टरमध्ये नोंद करताना मागतात. एक ते दोनच्या मधे ऑफिसच्या खिडकीवर जाऊ नका, जेवणाची सुट्टी. तेव्हा कँटीनमध्ये जा.

कँटीन सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही एका टेबलावर चहा घेऊन बसा, गुडघ्यालाही आराम, आणि मुलीला दुसऱ्या टेबलावरच्या मुलींशी बोलायला पाठवा. एकटीला. आई शेजारी असली की त्या मुली "हो काकू, छान आहे काकू" एवढंच बोलतात. तिने विचारायचं की लॅब उशिरा सुटली तर तू घरी कशी जातेस, होस्टेलचं गेट किती वाजता बंद होतं, मेसचं जेवण नको झालं तर बाहेर कुठे जेवता, सोलापूर-लातूरकडच्या मुली आहेत का आणि त्या कुठे राहतात. सरांना विचारायचे प्रश्न वेगळे, या प्रश्नांची उत्तरं सर देऊच शकत नाहीत. निकालानंतरचे दिवस साधारण वरच्या वर्गांची टर्म सुरू व्हायच्या आसपासचे असतात, फोन करताना हेही विचारा की सेकंड-थर्ड इयरची मुलं सध्या कॉलेजला येतायत का. येत नसतील तर दोन-चार दिवस पुढे ढकला, रिकाम्या वर्गांसाठी एवढा प्रवास नको.

तुम्ही स्वतः मात्र फीच्या खिडकीवर उभं राहा. ट्यूशन फी किती, डेव्हलपमेंट फी किती, होस्टेल आणि मेस वर्षाचं एकदम भरायचं की हप्त्याने, हे कागदावर लिहून घ्या. आणि मुलींची फीमाफी विचारा: ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास), ओबीसीतल्या मुलींना, घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असेल तर, २०२४-२५ पासून ट्यूशन आणि परीक्षा फी सरकार भरतं, पण ॲडमिशन कॅपमधूनच झालेली पाहिजे, मॅनेजमेंट कोट्याला नाही. होस्टेल, मेस त्यात येत नाही. तुमची कॅटेगरी पत्रात नाहीये म्हणून सगळंच सांगितलं. लागू असेल तर उत्पन्नाचा दाखला वगैरे कागद तहसीलमधून आत्ताच काढायला टाका, नंतर तिथे फार गर्दी होते. नॅकची, म्हणजे कॉलेजच्या दर्जाची, ग्रेड, शिक्षकांची यादी, फीचा तक्ता हे सगळं कॉलेजच्या साइटवर असतं, ते घरी बसून रात्री वाचा, त्यासाठी इथले तास घालवू नका. इथे फक्त पायाने आणि डोळ्याने कळतं तेवढंच बघा, बाथरूम स्वच्छ आहेत का, लायब्ररीत मुलं बसलीत का, लॅबमधली मशिन वापरातली आहेत की नुसती मांडून ठेवलीत.

एक तारखांचं. सोलापूरच्या माणसाला वारीचं मी काय सांगणार, पण माउलींची आणि तुकोबांची पालखी आषाढीच्या साधारण अडीच आठवडे आधी पुण्यात येते, दोन रात्री मुक्काम असतो आणि मग दोन्ही पालख्या हडपसरवरूनच पुढे जातात, एक दिवे घाटाकडे आणि एक लोणी काळभोरकडे. ते दिवस टाळा. रस्ते बंद, बसचे मार्ग बदललेले, आणि तुम्ही राहणार नेमक्या हडपसरला. दर्शनाला यायचं असेल तर जरूर या, पण त्या दिवशी कॉलेज नको. पावसाचे दिवस असतील, छत्रीपेक्षा रेनकोट बरा, बसमध्ये छत्री फार त्रास देते, आणि तुम्ही घट्ट सँडल घाला, चप्पल नको.

निकाल आला की यादी परत पाठवा, कोणतं कॉलेज कशाबरोबर जोडायचं ते सांगते. आणि गुडघ्याचा पट्टा असेल तर आठवणीने घेऊन या.